मारकीच्या गळ्यातला हार

बाजारात झेंडूच्या हारांचे ढीग लागले की एका मोटारसायकलीची चोरी मला आजही आठवते. बत्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, हायवेवर कितीतरी जणांच्या अंगावर चादरी टाकल्या. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. ही साधी वाहनचोरी मात्र जशीच्या तशी डोळ्यापुढं उभी राहते. तिच्यात मी तपास अधिकारी म्हणून पुरता चुकलो होतो, आणि त्या चुकीचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही.

नावं कुणाचीच सांगणार नाही. माणसं त्याच गावात आहेत आणि अजून मला रस्त्यात भेटतात.

मी उचगावचा. घरात मराठी, नोकरी कर्नाटक पोलिसांत. म्हणजे जबाब मराठीत ऐकायचा, कन्नडमध्ये लिहायचा आणि शिव्या दोन्ही भाषांत द्यायच्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मी निपाणीजवळच्या एका ठाण्यात पीएसआय होतो. नुकतेच घट बसले होते. दुपारी मी जेवणाचा डबा उघडला आणि एक चोवीस-पंचवीस वर्षांचा तरुण तरातरा आत आला. बेळगावला एका फौंड्रीत कामाला होता, सुट्टीला गावी आला होता.

"सायेब, माझी मोटारसायकल चोरीला गेली," म्हणाला आणि न विचारताच खुर्चीवर बसला.

फिर्याद लिहून घ्यायला आमचे हवालदार होते. गोकाककडचे. मराठी मोडकं, पण कान तिखट. गाडीचं वर्णन लिहिता लिहिता त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सर," ते मला म्हणाले, "ही ती मारकी हाय."

मारकी म्हणजे मारणारी म्हैस, हे सांगायला नको. गाडीला ते नाव गावानं दिलं होतं. जुन्या जमान्यातली दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक गाडी. अशा गाड्या आता हौशी लोकांकडंच राहिल्या आहेत, आणि ज्यांच्याकडं आहेत त्यांच्या आया नवस बोलत असतात. हळू चालवली तर गरीब. थोडी मूठ पिळली की क्षणभर काहीच होत नाही, आणि मग एकदम अंगात आल्यासारखी उसळते, पुढचं चाक उचलायला बघते. त्या मानानं ब्रेक म्हणजे नावालाच. टायमिंग जरा हललं की किक उलटी मारते. एका पैलवानाचा घोटा तिनं किक मारतानाच मोडला होता. तालीमबाज गडी, वाहनावर बसायच्या आधीच दवाखान्यात गेला. आणखी दोघांची हाडं तिनं मोडली होती. आणि एकाचा जीव घेतला होता.

तो एक म्हणजे या फिर्यादीचा थोरला भाऊ. आठ वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दिवशी तवंदी घाटाच्या एका वळणावर गेला. पाहुण्यांना सोनं द्यायला निघाला होता. आमच्या ठाण्याच्या जुन्या पंचनाम्यात नोंद होती: शर्टाच्या खिशात आपट्याची पानं.

"मग असली गाडी ठेवली कशाला घरात?" मी विचारलं.

"वैनीनं ठिवली. कुणाला इकू दिली न्हाय," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "सायेब, दसऱ्याच्या आत सापडाय पायजे."

दसराच का, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माणूस तारीख सांगतो तेव्हा कारण विचारावं, हे मला पोलिसात येऊन तीस वर्षं झाली तरी त्या दिवशी सुचलं नाही. डबा उघडा होता ना.

दुसऱ्या दिवशी जागेचा पंचनामा करायला मी त्याच्या घरी गेलो. सोप्यात गाडी उभी असायची तिथं फरशीवर तेलाचा डाग होता. वहिनी पस्तिशीच्या पुढची, शांत बाई. सासू गेली तेव्हा हा दीर नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून त्याला न्हाऊ-माखू घालण्यापासून फौंड्रीत लावण्यापर्यंत सगळं हिनंच केलं होतं, हे शेजारणीनं मला न विचारता सांगितलं. वहिनीनं चहा आणून दिला. पाय ओढत चालत होती.

"पायाला काय झालं, आक्का?" मी विचारलं.

"म्हशीनं पाय दिला सायेब."

गोठ्यात एकच शेळी बांधली होती. मी त्या शेळीकडं बघत चहा प्यायलो, "जपा हो," म्हणालो आणि उठलो. असा मी हुशार अधिकारी.

चोरी बाजाराच्या दिवशी दुपारी झाली होती. धाकटा बेळगावला, वहिनी आणि सगळा गाव निपाणीच्या बाजाराला. आमच्या हद्दीत मोटारसायकल गेली की पहिला उचलायचा तो गडी ठरलेला. हँडल लॉक तोडण्यात त्याचा हातखंडा. त्याला आणून समोर बसवला. त्यानं आधी चहा मागितला, मग गाडी कोणती ते विचारलं. मी सांगितलं तसा कप खाली ठेवून त्यानं दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या.

"सायेब, माझ्यावर काय बी घाला. मागल्या म्हैन्यातली चिकोडीची केस घाला, ती माझीच हाय. पण मारकी मी चोरली म्हनू नका. माझी बायको दोन जिवाची हाय."

हवालदार हसू दाबायला बाहेर गेले. मी चढ्या आवाजात आणखी तासभर विचारलं. तो एकच सांगत राहिला, आणि शेवटी जाता जाता म्हणाला, "सायेब, एक बोलू? ती गाडी चालू झाली की तीन गावं ऐकत्यात. त्या दिवशी कुणी ऐकली का? न्हाय. म्हंजी ढकलत न्हेली. आता ढकलत मानूस किती लांब जाईल? जवळच बघा."

त्याहून चांगली टीप मला अख्ख्या नोकरीत कुणी दिली नाही. पण चोरानं मला तपास शिकवावा, हे मला रुचलं नाही. मी माणसं पाठवली ती कोल्हापूरला, इचलकरंजीला, भंगारवाल्यांकडं, गॅरेजांत. हद्दीतल्या टोलनाक्यांवरचं रेकॉर्डिंग बघून हवालदारांचे डोळे सुजले. फिर्यादीचा मळा घरापासून हाकेच्या अंतरावर होता. तिथं आम्ही पाऊल टाकलं नाही. ज्याचं गेलं त्याच्याच घरात कशाला शोधायचं, असा आमचा हिशेब.

धाकटा रोज यायचा. बाकावर बसून राहायचा. आठव्या माळेला मी त्याला आत बोलावलं आणि सरळ विचारलं, "दसऱ्याला तुला ती गाडी कशाला पाहिजे रं?"

त्यानं खाली बघत सांगितलं. ज्या वळणावर अण्णा पडला, त्या वळणातनं त्याच गाडीवर, त्याच दिवशी, न पडता जायचं होतं त्याला. अण्णाच्याच वेगानं. मित्र मोबाईलवर शूटिंग करणार होते.

"मला ते वळण सपनात येतंय सायेब. आठ वर्षं झाली. एकदा पार झालो की सुटलो."

"आणि नाही झालास तर?"

त्यानं खांदे उडवले. चोवीस वर्षांच्या माणसाचे ते खांदे मी बघत राहिलो. मलाही मुलगा आहे. पहिल्यांदाच मनात आलं की ती गाडी दसऱ्यापर्यंत सापडूच नये.

"हे वहिनीला माहीत आहे?"

"कळलंय तिला. माझ्या मोबाईलात वाचलं. लई रडली. पाया पडली माझ्या. पण म्या सांगितलं, तू मधी पडू नको."

दुसरा दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी आमच्या ठाण्याला लग्नघराची कळा येते. रायफली, लाठ्या, बेड्या, वायरलेस, जीप, सगळं धुऊनपुसून ओळीत मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. हवालदार तर स्टेपलरलासुद्धा कुंकू लावायचे, कागदपत्रांचं खरं हत्यार तेच म्हणून. हार आणायला मी सकाळी साध्या कपड्यांत निपाणीच्या बाजारात गेलो. खंडेनवमीला हारवाल्या बाईला तुम्ही नुसता हार मागू शकत नाही. ती विचारते, "कशाला?" सायकलचा हार वेगळा, मोटारसायकलचा वेगळा, ट्रॅक्टरचा वेगळा, ट्रकचा तर दोघांनी धरावा लागतो.

माझ्यापुढं दोन बायका सोडून एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, एका पायावर भार. हारवालीनं विचारलं, "कशाला पायजे?"

"मोटारसायकलला," ती म्हणाली. "आन् दोन लिंबं."

आवाज ओळखीचा होता. ती वहिनी होती.

माझी पाळी आली तेव्हा हारवाली मला दोनदा विचारत होती आणि मी तसाच उभा. ज्या घरातली एकुलती एक मोटारसायकल आठ दिवसांपूर्वी चोरीला गेली, तिथं आज मोटारसायकलचा हार निघाला होता. दोन लिंबं, दोन चाकांखाली ठेवायला. मग शेळी आठवली, पाय आठवला, त्या चोराचं बोलणं आठवलं. मला माझीच लाज वाटली.

मी जीप गावाबाहेर उभी केली आणि हवालदारांना तिथंच थांबवून पायवाटेनं त्यांच्या मळ्यात गेलो. मळ्यात पत्र्याचं शेड होतं, पुढं कडबा रचलेला. कडब्याच्या पेंढ्या बाजूला सारून मधे वाट केली होती. आत मारकी उभी होती. टाकी पुसून लख्ख केलेली, पेट्रोलचा नळ बंद, दिव्याला हळदकुंकू, हँडलला झेंडूचा हार. दोन्ही चाकांपुढं लिंबं. आणि वहिनी मागून गाडी रेटत होती. गाडी जागची हलत नव्हती.

मला बघून ती दचकली नाही. घाम पुसत म्हणाली, "बरं झालं आलासा सायेब. जरा हात लावा. लिंबं फुटंनात."

आता काय करायचं? समोर चोरीचा मुद्देमाल. पंच नाहीत, पंचनामा नाही. मी मागं जाऊन हात लावला. आम्ही दोघांनी रेटली तशी गाडी वीतभर पुढं गेली आणि लिंबं फुटली. तिनं पदरानं हात पुसला आणि मग तोंडावर पदर घेऊन रडली.

मी कडब्यावर बसलो. असा जबाब मी आयुष्यात पुन्हा घेतला नाही.

"बाजाराला गेलेच न्हाय मी त्या दिशी. दुपारी ढकलत आणली," ती सांगत होती. "वढ्याच्या उताराला अंगावर आली. पाय खाली घावला."

"एवढी जड गाडी एकटीनं उचलली?"

"मग काय करू? तिथंच टाकून जाऊ? जरा रडून घितलं, मग उचलली."

"आक्का, एवढी लपवलीस. मग हार कशाला आणलास? त्या हारानंच सापडलीस."

तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी पोलिसात असून एवढंही मला कळत नाही. "खंडेनवमी हाय सायेब. ह्येंनी एक साल चुकवलं न्हाय. तापात हुतं तरी उठून हार घालायचं. तिनं त्येंना न्हेलं ते खरं. पण त्येंचा जीव हुता तिच्यात. तिला आज बिनहाराची कशी ठिवू?" मग हळू आवाजात म्हणाली, "मोडून टाकाय बी हात हुईना, आन् त्या पोराच्या हाती द्याय बी हुईना. मला आत टाकायचं तर टाका. उंद्याचा दिस तेवढा जाऊ दे. उंद्या त्येला गाडी घावू देऊ नका."

मी ठाण्यात फोन लावला. फाइलला जोडलेली आरसी वाचून दाखवायला सांगितली. त्या आरसीवर आडनाव तेच बघून मी पुढं कधी वाचलंच नव्हतं. गाडी अजून थोरल्याच्या नावावर होती. म्हणजे आता मालकीण ही बाई. स्वतःच्या गाडीची चोरी कुणाला करता येत नाही. कायद्यापुरती केस तिथंच संपली.

पण पोरगं स्वतःला संपवायला निघालं होतं त्याचं काय? आज ना उद्या त्याला कळणारच होतं. मी वहिनीला विचारून त्याला मळ्यात बोलावलं.

तो धावत आला. आधी गाडी दिसली त्याला, मग हार, मग वहिनी. तोंड लाल झालं. "तू? आठ दिस मी ठाण्यात बसतोय, आन् तू?"

मी म्हणालो, "आधी तिचा पाय बघ."

"म्हशीनं..." असं म्हणत तो थांबला. शेळीचा हिशेब त्यालाही तेव्हाच लागला असावा. गुडघ्यावर बसून त्यानं तिच्या लुगड्याचा काठ जरा वर केला. घोटा निळाकाळा पडून सुजला होता. आठ दिवस ती तशा पायानं त्याला भाकरी करून घालत होती. तो पाय हातात धरून बसला आणि लहान मूल रडतं तसा रडला. मी बाहेर येऊन उभा राहिलो.

आतून वहिनीचा आवाज आला. "तुला त्या वळणातनं जायचंय न्हवं? जा. पण मला मागं बसवून न्हे. तुझ्या अण्णाच्या मागं धा साल बसलीया मी. पडलास तर दोघं पडू. मागं ऱ्हाऊन मी काय करू?"

दसऱ्याच्या सकाळी मी जे केलं ते नियमात बसत नव्हतं. हायवे रुंद झाला तेव्हा घाटातला जुना एक तुकडा बाजूला पडला होता. ते वळण त्यातच आहे. तिकडं सहसा कुणी जात नाही. मी दोघांना दोन हेल्मेट दिली, एक माझं, एक हवालदारांचं, आणि जीप मागं लावली. हवालदार देवाचं नाव घेत बसले होते. मधेच मला म्हणाले, "सर, हे बेड्रि." म्हणजे नको हो. मलाही तेच वाटत होतं.

मारकी तीन किकांत सुरू झाली. वहिनी एका बाजूला पाय सोडून बसली, हात त्याच्या खांद्यावर. मी जीपच्या स्पीडोमीटरवर नजर ठेवून होतो. वीस. बावीस. पुन्हा वीस. अशा गाडीला इतकं हळू चालवणं वेगात चालवण्याहून अवघड असतं. ती हिसके देत होती, गुरगुरत होती. त्याची मूठ काही वर गेली नाही.

वळण पन्नास पावलांवर आलं आणि त्यानं गाडी थांबवली. बंद केली. आम्ही मागं थांबलो.

"वैनी, मला न्हाय जमायचं," तो म्हणाला. "एकटा असतो तर न्हेली असती. पर तू मागं हाईस."

"म्हणून तर बसलीया," ती म्हणाली.

तो उतरला, किल्ली काढून तिच्या हातात दिली. तिनं ती कनवटीला लावली. मग त्यानं हँडल धरलं आणि ती लंगडत मागं गेली, आणि दोघं ती गाडी ढकलत वळणातून चालू लागली. सहा-सात पावलांनंतर मला राहवलं नाही. मी जीपमधून उतरून गाडीला हात लावला. माझ्यापाठोपाठ हवालदारही आले. चौघांनी मिळून मारकीला ते वळण पार करवलं. पलीकडं गेल्यावर वहिनीनं ओटीतून आपट्याची पानं काढली. दोन पानं रस्त्याकडेच्या दगडावर ठेवली आणि मग आम्हाला सोनं दिलं.

केसमध्ये मी बी रिपोर्ट पाठवला. म्हणजे गैरसमजातून दिलेली फिर्याद, गुन्हा घडलेला नाही. वरच्या साहेबांनी विचारलं, गाडी नेमकी कुठं होती? मी म्हणालो, मालकिणीच्या शेडमध्ये होती, साहेब. खोटं काहीच नव्हतं.

त्या केसनं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. चोरी म्हटलं की कुणाचा काय फायदा, एवढंच शोधायची आम्हाला सवय. कुणाला कशाची भीती आहे, हे मी त्यानंतर विचारायला लागलो. फिर्यादी आला की आधी डबा बंद करायचो, मग घरात कोण कोण आहे ते विचारायचो. घरी गेलो की त्या माणसांना एकदा चालताना बघून घ्यायचो. त्यानं पुढं दोन-तीन केसेस सुटल्या. पण त्याहून जास्त म्हणजे, मला माणसं आवडायला लागली. नोकरीची तीस वर्षं सरल्यावर हे व्हावं, हे जरा उशिराच झालं, पण झालं.

गेल्या खंडेनवमीला निपाणीच्या बाजारात वहिनी भेटली. पाय अजून थंडीत दुखतो म्हणाली. हारवालीनं विचारलं तसं तिनं दोन हार मागितले. एक मोटारसायकलचा आणि एक बसचा.

धाकटा आता सरकारी बसवर ड्रायव्हर आहे. मध्यंतरी मी योगायोगानं त्याच्याच बसनं निपाणीला येत होतो. घाटात, ते जुनं वळण बाजूला दिसतं तिथं, त्यानं बस इतकी हळू केली की मागून एक आजी वैतागून म्हणाली, "ड्रायव्हर, बस ढकलत न्हेतोयस काय रं?"

"व्हय आज्जी," तो म्हणाला, "हितं ढकलतच न्यायची असती."

आरशात त्याची-माझी नजरानजर झाली. मी खिडकीकडं तोंड फिरवलं आणि बाहेर बघायचं निमित्त करून डोळे पुसले.